तिन्ही ट्रक डोरीनच चालवणार

आमच्या हार्मन गावात माणूस कुठल्या चर्चला जातो हे लोक एक वेळ विसरतील, पण तो फोर्डवाला, शेवीवाला की डॉजवाला हे कुणी विसरत नाही. डोरीन मॅझर शेवीवाली, म्हणजे शेवर्लेवाली होती, आणि तीही जन्माची. तिचा बाप फ्लिंटच्या कारखान्यात शेवर्लेच्या पिकअप ट्रकना दारं बसवायचा, नवरा अर्ल तिथंच रंगखात्यात होता, आणि ती स्वतः बावीस वर्षं सीटा बसवत होती. एका पाळीत चारशेच्या वर सीटा तिच्या हाताखालून जायच्या. २००९च्या हिवाळ्यात कारखान्यानं तिची शिफ्टच बंद केली. मार्च महिन्यात, अजून रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते तेव्हा, ही एक्कावन्न वर्षांची बाई आमच्या रस्क मोटर्सचं काचेचं दार ढकलून आत आली आणि नोकरी मागायला लागली. रस्क मोटर्स म्हणजे फोर्डचं दुकान. माझ्या हातातलं फिल्टरचं खोकं खाली पडलं.

मी लेस्टर. सुट्या भागांच्या खिडकीवर मी तिथं एकतीस वर्षं काढली. मालक हार्लन रस्कची खोली माझ्या खिडकीला लागून, आणि त्याला दार लावायची सवय नव्हती, त्यामुळं दुकानातलं एकही बोलणं माझ्या कानांवरून गेलं नाही असं झालं नाही.

"तुला विकता काय येतं?" हार्लननं विचारलं.

"काहीच नाही."

"मग आलीस कशाला?"

"मला ट्रक आतून माहीत आहे. तुझे लोक तो बाहेरून विकतात."

हार्लन हसला. त्याच महिन्यात त्याचे दोन विक्रेते सोडून गेले होते, म्हणून त्यानं तिला घेतलं. टेबल दिलं ते मागच्या कोपऱ्यात, संडासाच्या दाराशेजारी. आणि वर एक अट घातली. "छोट्या गाड्या विक. ट्रकला हात लावायचा नाही. ट्रक घ्यायला पुरुष येतो आणि तो पुरुषाकडूनच घेतो. हा नियम काही मी केलेला नाही."

"केला कुणी मग?"

"मला काय माहीत! आहे."

जाता जाता त्यानं मध्यभागी उभ्या असलेल्या नारिंगी मस्टँगकडे बोट केलं. मोठं आठ सिलिंडरांचं इंजिन, हाताचे गिअर, चौदा महिने धूळ खात पडलेली. पोरं यायची, इंजिन गुरगुरवायची, फोटो काढायची आणि बापाच्या गाडीतून घरी जायची. "ती विकून दाखव, मग माग ट्रक," हार्लन म्हणाला. त्यानं थट्टा केली होती.

घरी वेगळंच रामायण. दुकानानं तिला फिरायला एक फोर्ड दिली होती. ती घेऊन डोरीन घरी आली तर अर्ल अंगणात फावडं घेऊन उभा.

"ही माझ्या अंगणात नाही लागायची."

"मग कुठं लावू? डोक्यावर?"

"कुठंही लाव. तीस वर्षं मी शेवीला रंग दिलाय. माझ्या खिडकीतून मला फोर्डचा तो निळा बिल्ला दिसता कामा नये."

तर दोन महिने डोरीन गाडी चर्चच्या आवारात लावून घरी चालत जायची. कारखान्याच्या कामगार संघटनेच्या सभागृहात बुधवारी पत्ते खेळायला गेली की जुन्या मैत्रिणी टोमणे मारायच्या. "काय गं, शत्रूकडची कॉफी गोड लागते का?" ती पत्ते पिसत म्हणायची, "कॉफी भिकार आहे. पण सकाळी उठायला कारण आहे. उतर पान."

एप्रिलमध्ये मिस इमोजीन प्रॅट आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, शाळेच्या बँडच्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी ट्रंपेट वाजवायला शिकवलेलं, मलाही शिकवायचा प्रयत्न केलेला. त्यांना छोटी, शहाणी, फिकट मातकट रंगाची गाडी हवी होती. डोरीननं ती दाखवली. दार उघडलं, सीट पुढंमागं केली, सगळं झालं. पण बाईंची नजर तीनदा त्या नारिंगी गाडीवर जाऊन परत आली. डोरीननं ते पाहिलं.

"मिस प्रॅट, तुम्हाला क्लच येतो?"

"वडिलांचा दुधाचा ट्रक मी बारा वर्षांची असताना चालवायचे," बाई ताठ होऊन म्हणाल्या.

"मग बसा."

त्या दोघी गेल्या त्या तासभर परतल्याच नाहीत. हार्लन दोनदा काचेपाशी जाऊन रस्ता बघून आला. नंतर कळलं, डोरीननं त्यांना गावाबाहेर जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर नेलं होतं. सतराव्या वर्षी डोरीन भावाची नोव्हा गाडी घेऊन दर शुक्रवारी पाव मैलाच्या शर्यती लावायची, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. क्लच कसा सोडायचा, गिअर कधी टाकायचा, ते तिनं बाईंना तिथं दाखवलं आणि मग किल्ली त्यांच्या हातात दिली.

परत आल्या तेव्हा बाईंचा अंबाडा सुटलेला, चष्मा वाकडा, आणि गाल असे लाल की मला वाटलं डॉक्टरला बोलवावं. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "ती मातकट राहू दे," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या गाडीच्या आवाजानं पाद्रीसाहेबांचं प्रवचन मध्येच थांबलं. सोमवारी डोरीन हार्लनच्या खोलीत जाऊन म्हणाली, "ट्रक."

हार्लन शब्दाचा पक्का. द्यावे लागले.

डोरीनची एक शाळकरी वही होती. सुट्टीच्या दिवशी ती मोजपट्टी घेऊन बाहेर पडायची आणि रस्ता ओलांडून शेवर्लेच्या दुकानात जायची, तिथून पुढं टोनी स्कार्पाकडे, डॉज आणि रॅमच्या दुकानात. तिन्ही दुकानं एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ती त्यांच्या ट्रकमध्ये चढायची, उतरायची, परत चढायची. पायरी जमिनीपासून किती, सीट पायरीपासून किती, ट्रेलरची वायर लावायला हात किती लांब करावा लागतो, आरशात मागचं चाक दिसतं की नाही. सगळं वहीत. शेवर्लेच्या दुकानाचा मालक डेल बॉमन, मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं एकदा तिला बघितलं.

"काय गं, हेर आहेस का?"

"हो. जरा ते मागचं फळकं उघड, मला उंची घ्यायचीय."

त्यानं उघडलं. आमच्याकडे माणसं अशीच आहेत.

मी तिला विचारलं होतं, "दुसऱ्याचा माल कशाला मोजतेस? आपला विकायचाय ना?" ती म्हणाली, "लेस्टर, गिऱ्हाईक तिन्हीकडे जाऊन येतं. त्याला माहीत असतं आणि आपल्याला नसतं. मग मूर्ख कोण?"

वर्ष बरं गेलं. ती महिन्याला तीन-चार ट्रक विकायची, म्हणजे इतर विक्रेत्यांइतकेच. मग २०१०च्या मे महिन्यात ह्यू टॅगार्ट आला आणि सगळं उलटंपालटं झालं.

ह्यू विहिरी खणायचा. त्याला खणायचं यंत्र ओढायला मोठा ट्रक हवा होता, आणि तो तीन पिढ्यांचा फोर्डवाला. म्हणजे विक्री झाल्यात जमा. डोरीननं त्याला ट्रकमध्ये बसवलं. मग म्हणाली, उतर. मग म्हणाली, परत चढ. चौथ्या वेळी ह्यू चिडला.

"मी ट्रक घ्यायला आलोय की कवायतीला?"

"उजव्या खुब्याचं ऑपरेशन कधी झालं?"

ह्यूनं पायरीवरचा पाय खाली घेतला. "दीड वर्ष झालं. तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या चेहऱ्यानं. दर वेळी चढताना डावा डोळा मिटतोस. दिवसातून किती वेळा चढउतार करतोस?"

"चाळीस. कधी साठ."

डोरीननं वही उघडली. "ह्यू, ट्रक उत्तम आहे. तुझ्या खुब्यासाठी नाही. बॉमनकडे दारात एक पांढरा उभा आहे, त्याची सीट या ट्रकपेक्षा तीन बोटं खाली आहे. मी मोजलीय. तो घे."

"मी? शेवी?" ह्यू टॅगार्ट इतका दचकला की त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

पण त्यानं तो घेतला.

डेल बॉमनला हे कळायला अर्धा दिवसही लागला नाही. दोन दिवसांनी सकाळी स्थानिक रेडिओवर त्याचाच आवाज गडगडला: "रस्ककडची माणसंसुद्धा सांगतात, शेवी घ्या!" मी तेव्हा न्हाव्याकडे होतो. न्हाव्याला इतकं हसू आलं की त्यानं माझा कान जवळजवळ कापलाच.

दुकानात आलो तर हार्लनच्या खोलीतून आवाज येत होता.

"कुणाचं मीठ खातेस तू?"

"तुझंच."

"मग माझं गिऱ्हाईक शत्रूच्या दारात सोडून येतेस?"

"हार्लन, तो ट्रक घेऊन तो सहा महिन्यांत कंबर धरून बसला असता. शिव्या कुणाला दिल्या असत्या? मला नाही. तुझ्या दारावरच्या नावाला."

"पूर्ण जिल्हा हसतोय मला!"

"हसू दे. हसायला तरी तुझं नाव घेतायत."

हे हार्लनला झोंबलं. त्यानं ट्रक तिच्याकडून काढून घेतले. परत छोट्या गाड्या. "ऑगस्टच्या जत्रेपर्यंत राहा," तो म्हणाला, "मग तुझं काय करायचं ते बघू." ती बाहेर आली, माझ्या खिडकीसमोर उभी राहिली. रडली नाही. पण तिनं वही उघडून बंद केली, उघडून बंद केली, असं बराच वेळ चाललं होतं. मी तिला माझ्या डब्यातलं अर्धं सँडविच दिलं. तिनं ते खाल्लं आणि म्हणाली, "लेस्टर, मी चुकले का?"

मी तिला उरलेलं अर्धंही दिलं. इतक्या वर्षांत मी कुणाला रस्त्यापलीकडं पाठवलेलं नव्हतं.

जूनमधल्या एका शुक्रवारी माजी सैनिकांच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण होतं. सगळं गाव हजर. डोरीन आणि अर्ल एका टेबलावर, हार्लन दुसऱ्यावर, आणि डेल बॉमन बियरचा ग्लास घेऊन मधोमध उभा.

"डोरीनबाई!" तो ओरडला. "पुढचं गिऱ्हाईक कधी पाठवताय? माझी पोरं बिनकामाची बसलीयत!"

सभागृह हसलं. हार्लन ताटाकडे बघत बसला. अर्लचे कान लाल झाले. तो स्वतः शेवीवाला, पण बायकोला दुसऱ्या कुणी हसलेलं त्याला चालायचं नाही. तो उठायला लागला तशी डोरीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वतः उठली.

"डेल, तुझा ट्रक एवढा भारी आहे ना? जत्रेत घेऊन ये. आमचाही येईल. टोनी, तुझाही आण. एकच ट्रेलर, एकच वजन, खडीच्या खाणीचा एकच चढ. चढवायचा, थांबवायचा, पिंपांमधून मागं घ्यायचा. बघू कोण काय करतं."

"चालवणार कोण?"

"तिन्ही मीच. म्हणजे चालवणाऱ्याचा फरक नको."

"वा रे वा!" डेल म्हणाला. "तिन्ही ट्रक डोरीनच चालवणार! आणि पगार रस्कचा!"

"मग माझ्या शेजारी बस. आमच्या ट्रकमध्ये तू बस, तुझ्या ट्रकमध्ये हार्लन बसेल. पाय कुठं दाबते ते डोळ्यांनी बघा. फक्त एक अट आहे. जे येईल ते भोंग्यावरून वाचायचं. सगळं. कुणाला आवडो न आवडो."

सगळं सभागृह हार्लनकडे वळलं. त्यानं तोंडातला घास गिळायला फार वेळ लावला.

"माझा ट्रक येईल," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये जत्रा भरली. डुकरांच्या बक्षिसांच्या स्पर्धेपेक्षा त्या वर्षी खाणीच्या रस्त्यावर जास्त गर्दी. ट्रेलरमध्ये चार टन खडी भरली होती, धान्याच्या गोदामाच्या काट्यावर तिन्ही मालकांसमोर तोललेली. घड्याळं दोन: एक माझ्याकडे, दुसरं मिस प्रॅट यांच्याकडे. बाईंच्या तालाबद्दल गावात कुणाची शंका नव्हती.

हार्लन रस्क जन्मात पहिल्यांदा शेवीत बसला. दार लावताना त्याचा चेहरा दात काढायला गेलेल्या माणसासारखा होता. डोरीननं प्रत्येक ट्रक तीन-तीन वेळा चढवला. ऊन असं होतं की डांबर बुटांना चिकटत होतं. ती मध्ये फक्त पाणी प्यायची आणि ट्रेलर एकाचा सोडून दुसऱ्याला जोडायची. जोडायचीसुद्धा स्वतःच, कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी तीनपर्यंत सगळं झालं. मिस प्रॅट आणि मी आकडे जुळवले. आमच्या दोन घड्याळांत कुठंही अर्ध्या सेकंदाच्या वर फरक नव्हता.

डोरीन भोंगा घेऊन खडीच्या ढिगावर चढली. हार्लन खाली उभा. आकडे त्यानं बघितले नव्हते.

"चढ," ती म्हणाली. "पहिला बॉमनचा. आमचा तीन सेकंद मागं. स्कार्पाचा त्याच्या मागं एक."

शेवीवाले नाचायला लागले. डेलनं टोपी उडवली. हार्लननं डोळे मिटले.

"थांबणं. पहिला स्कार्पाचा, सगळ्यात कमी अंतरात. मग आमचा, मग बॉमनचा."

आता डॉजवाले.

"पिंपांमधून ट्रेलर मागं घेणं. पहिला आमचा, आणि तिन्ही वेळा एकही पिंप हललं नाही. पेट्रोल मोजलं, तिघांत फरक नावापुरताच. त्याची काळजी करण्यापेक्षा टायरची हवा बघा. झालं."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना एक राजा हवा होता, आणि हिनं तीन निवडले. मागून एक जण ओरडला, "मग घ्यायचा कुठला?"

"तू ओढतोस काय?" डोरीननं भोंग्यावरून विचारलं.

"बोट!"

"कुठल्या तळ्यावर?"

"नेपेसिंग!"

"तिथली उतरण अरुंद. तुझं सगळं काम मागं घेण्याचं. आमच्याकडे ये."

"माझे दोन घोडे आहेत," एक बाई म्हणाली, "उत्तरेकडं डोंगरात नेते."

"बॉमनकडे जा."

हार्लनच्या तोंडून बारीक आवाज निघाला, टायरमधून हवा जावी तसा. पण तेवढ्यात जे झालं ते त्यानंही पाहिलं. लोकांनी तिच्यासमोर रांग लावली. खडीच्या ढिगापासून, फळं भरून भाजतात त्या पायच्या दुकानापर्यंत. तिला कुणीतरी खुर्ची दिली, टेबल दिलं, चेरीच्या पायचा तुकडा दिला, आणि ती संध्याकाळपर्यंत तिथं बसून एकेकाला विचारत होती: काय ओढतोस, किती लांब, चिखलात जातोस का, गुडघे कसे आहेत. कुणाला इकडं पाठवत होती, कुणाला तिकडं. एका म्हाताऱ्याला तर म्हणाली, "आजोबा, तुमचा जुना ट्रक अजून दहा वर्षं चालेल. नवा घेऊच नका." तो म्हातारा आपल्या तीन मुलांना घेऊन पुढच्याच आठवड्यात आमच्या दुकानात आला. मुलांसाठी.

सोमवारी सकाळी मी आठला दुकान उघडायला गेलो तर हार्लन आधीच आत, शर्टाच्या बाह्या वर करून. तो डोरीनचं टेबल ओढत होता.

"लेस्टर, बघत काय उभा राहिलास? दुसरी बाजू धर."

आम्ही ते टेबल संडासाच्या दारापासून उचललं आणि पुढं, रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या काचेपाशी नेऊन ठेवलं. तिची खुर्ची त्यानं स्वतः पुसली. डोरीन आली, टेबल बघितलं, हार्लनकडे बघितलं.

"ऊन येईल इथं," ती म्हणाली.

"पडदा लावतो," हार्लन म्हणाला. एवढंच बोलणं झालं. ट्रक परत तिचे झाले.

आमचं दुकान तोवर महिन्याला दहा-अकरा ट्रक विकायचं, कधी नशीब असेल तर बारा. त्या सप्टेंबरमध्ये एकोणीस विकले. ऑक्टोबरमध्ये चोवीस. नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की गावातले पुरुष जंगलात गायब होतात आणि दुकानात माश्या मारायची वेळ येते. त्या नोव्हेंबरमध्ये बावीस. लोक शिकारीच्या कपड्यांतच यायचे. ह्यू टॅगार्टचे दोन मेहुणे आले, सरळ डोरीनच्या टेबलाशी बसले. "ज्या बाईनं आमच्या भावजींना परत पाठवलं तिच्याकडूनच घ्यायचा," असं म्हणाले. गंमत म्हणजे बॉमनचा आणि स्कार्पाचाही धंदा वाढला. पूर्वी लोक मोठा ट्रक बघायला फ्लिंटला नाही तर डेट्रॉइटला जायचे. आता डेट्रॉइटकडची माणसं हार्मनला यायला लागली, त्या ट्रेलरवाल्या बाईला विचारायला.

२०११ हे पूर्ण वर्ष तिचं. पुढच्या जानेवारीत फोर्डच्या विभागाचा विक्रीचा कागद आला. छपन्न दुकानं, बहुतेक मोठ्या शहरांतली. आम्ही दर वर्षी त्या कागदावर खालून वाचायला सुरुवात करायचो, म्हणजे आपलं नाव लवकर सापडतं. हार्लननं सवयीनं खालून बोट फिरवलं. फिरवत वर गेला. अजून वर. मग त्याचं बोट थांबलं आणि तो खाली बसला.

"लेस्टर," तो म्हणाला, "हे बरोबर छापलंय का बघ."

विक्रेत्यांच्या यादीत, ट्रकच्या रकान्यात, पहिलं नाव: डोरीन मॅझर, एकशे त्रेसष्ट. दुसरा माणूस एकशे एकोणतीस.

फोर्डची मुख्य कचेरी आहे तिथं, डिअरबॉर्नला, मोठं जेवण झालं. अर्ल आला होता, लग्न आणि मयत दोन्हींना घालायचा एकच काळा सूट घालून. फोर्डवाल्यांनी गच्च भरलेल्या त्या हॉलमध्ये तो असा जपून बसला होता, जणू कुणी त्याला हुंगून ओळखेल. डोरीनचं नाव पुकारलं तेव्हा मात्र तो सगळ्यांच्या आधी उठला आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की वेटरच्या हातातला ट्रे डगमगला. शेजारच्या टेबलावरच्या एका नटव्या विक्रेत्यानं डोरीनला विचारलं, "तुमची युक्ती काय?"

"मी विचारते," ती म्हणाली, "आणि मग गप्प बसते. तुम्ही करून बघा, अवघड जातं."

२०१२च्या उन्हाळ्यात जत्रेवाल्यांनी ट्रकबरोबर वेगवान गाड्याही ठेवायचं ठरवलं. जागा जुन्या विमानतळाची धावपट्टी, अंतर पाव मैल. आमची काळी मस्टँग, बॉमनची लाल कमॅरो, आणि स्कार्पाची चॅलेंजर. पण टोनी स्कार्पानं पाठ धरल्याचं सांगून झेंडा हातात घेतला, त्यामुळं उरले दोघं. मस्टँगमध्ये डोरीन आणि कमॅरोत स्वतः डेल बॉमन. तो पोट सावरत चाकामागं शिरला आणि खिडकीतून ओरडला, "डोरीन, हळू चालव हं! या वयात हाडं जुळत नाहीत!"

"तू पट्टा लाव," ती म्हणाली. "पुरतो का बघ."

झेंडा पडला. डोरीनची गाडी अशी सुटली की मला आधी धूर दिसला आणि गाडी नंतर. डेलनं क्लच सोडायला जेवढा उशीर केला तेवढ्यात ती दुसऱ्या गिअरमध्ये होती. सबंध गाडीच्या अंतरानं जिंकली. फोर्डवाले बेभान झाले. हार्लननं मला मिठी मारली, जे त्यानं आधी कधी केलं नव्हतं. अर्ल मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. बायको जिंकली आणि शेवी हरली, बिचाऱ्यानं करावं काय!

डेल उतरला, लालबुंद. "गाडी! गाडीचा फरक आहे! मस्टँग आज बरी लागलीय, बाकी काही नाही!"

डोरीननं स्वतःच्या गाडीची किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. "घे. तू ही घे, मी तुझी घेते."

हजारभर माणसं बघत होती. डेलला नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. त्यानं किल्ली घेतली. डोरीन कमॅरोत बसली, सीट पुढं ओढली, आरसा फिरवला, गिअरचा दांडा दोन-तीनदा हलवून बघितला. बावीस वर्षं शेवीत राबलेली बाई, पण अशी गाडी चालवायची तिची ही पहिलीच वेळ.

टोनीनं झेंडा खाली मारला.

या वेळी डेल चांगला सुटला. अर्ध्या वाटेपर्यंत दोन्ही गाड्या जोडीनं, नाकाला नाक. मग डोरीननं तिसरा गिअर टाकला, तो आवाज अजून माझ्या कानांत आहे, आणि लाल गाडी पुढं सरकली. एक फूट, दोन फूट, अर्धी गाडी. रेषेवर मिस प्रॅट यांनी हात उंच केला तो उजवा, म्हणजे लाल गाडीच्या बाजूचा.

आणि अर्ल मॅझर सुटला. खुर्ची उलटी पडली, सोड्याचा ग्लास हार्लनच्या पँटवर सांडला, आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी धावपट्टीवर पळत सुटला. "शेवी! शेवी! माझी बायको! शेवी!" असं काहीतरी ओरडत होता, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. त्याच्यामागं शेवीवाले, आणि त्यांच्यामागं फोर्डवालेही, कारण त्यांची बाई जिंकली होती. आणि डॉजवाले तरी एकटे मागं काय करणार, तेही पळाले. डोरीन गाडीतून उतरायच्या आत तिच्याभोवती एवढी माणसं होती की मला तिची फक्त टोपी दिसत होती.

डेल बॉमन मस्टँगमधून सावकाश उतरला. गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर गेला, टोपी काढली, आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात, भोंग्याची गरज न पडता, म्हणाला, "ऐका रे! मी दोनदा हरलोय आणि दोन्ही वेळा हिच्याकडूनच. बाई, तुझ्यापुढं हात टेकले!"

डोरीन हसत होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, चोपन्न वर्षांची, हातात त्याची किल्ली. अर्लनं तिला कमरेला धरून उचललं आणि ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडली, "खाली ठेव, मेल्या, गुडघा जाईल तुझा!"

त्यानं काही ठेवलं नाही. सगळी गर्दी त्यांच्याभोवती टाळ्या वाजवत राहिली, आणि तो तिला तसाच उचलून धावपट्टीवरून पायच्या दुकानाकडे निघाला.